खंडेनवमीचं कुंकू

१

गौतमीचं निशाणाचं कार्ड माझ्या हातात आलं तेव्हा मला वाटलं, घाईत दुसऱ्याच कुणाचं कार्ड आणून दिलं. मी उलटून नाव पाहिलं. नाव तिचंच होतं. एरवी जिच्या छऱ्यांची भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जायची, तिची भोकं कार्डभर पसरली होती, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी. राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. गौतमी पहिली येणार हे भरे गावातल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं, आणि ती शेवटून दुसरी आली होती.

मी शीतल. गुन्हे शाखेत नोकरी केली, एका पळत्या चोराच्या नादात खांदा निखळला आणि मुदतीआधीच घरी बसले. भुकूमला फ्लॅट घेतला, आणि घर खायला उठतं म्हणून भऱ्याच्या या नेमबाजी केंद्रात येऊ लागले. इथं बेंचरेस्ट चालतं. म्हणजे टेबलाशी बसायचं, एअर रायफलचं पुढचं टोक स्टँडवर, मागचं वाळूच्या पिशवीवर, आणि पंचवीस मीटरवरच्या कार्डावर नेम. बघणाऱ्याला वाटतं, टेकवूनच मारायचंय, त्यात काय मोठंसं. अहो, टेकवलेली रायफल खोटं बोलू देत नाही. गाल रायफलीच्या लाकडी दस्त्याला दर वेळी तेवढाच लागला पाहिजे, डाव्या मुठीत पिशवी तेवढीच दाबली गेली पाहिजे, श्वास तिथंच थांबला पाहिजे. हात थरथरला म्हणायची सोय नसते.

हे सगळं आम्हाला रामदास सरांनी शिकवलं. तीन वर्षांपूर्वी मीही अशाच निवडीच्या तोंडाशी होते. मग माझे नेम भरकटायला लागले. सर म्हणाले, खांद्यानं दगा दिला शीतल, आता जिवाला त्रास नको. मी स्पर्धा सोडली आणि त्यांनी मला केंद्राची सचिव केलं. ते उपकार मी अजून बोलून दाखवत असे.

त्या दुपारी सर गौतमीच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. सामन्याच्या मधल्या सुटीत तिनं त्यांना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते की श्वास चुकतोय, श्वास सांभाळ. तिनं पुढचा अर्धा सामना श्वास सांभाळण्यात घालवला आणि होतं तेही गेलं.  आता तिच्या वतीनं तिचे वडील, जयसिंग, बोलत होते.

"ही वैष्णवी," ते म्हणाले. "परवा खंडेनवमीच्या पूजेच्या दिवशी सकाळी माझ्या पोरीच्या रायफलीवर स्क्रूची किल्ली घेऊन बसल्याली म्या ह्या डोळ्यांनी बघितली. आज हीच पयली आली. आणखी काय पुरावा पायजे तुमाला?"

वैष्णवी ताम्हिणीच्या अंगाला असलेल्या वाडीवरची. रायफलही केंद्राची, स्वतःची नाही. जयसिंगांनी भऱ्यातली जमीन विकून लेकीला परदेशी रायफल घेतली होती. वाडीवरची पोरगी पहिली आली हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मला राग आला तो मात्र गौतमीचा. दोघी एका डब्यात जेवणाऱ्या, आणि बाप मैत्रिणीला चोर म्हणत असताना ही खाली मान घालून उभी.

निवड समितीचे निरीक्षक पुण्याहून आलेले, शांत गृहस्थ होते. त्यांनी नियम सांगितला. रायफलीत दोष निघाला तर तो नेमबाजाचाच, कारण तपासणं त्याचं काम. पण कुणी मुद्दाम बिघाड केला आणि तो कोण हे सिद्ध झालं, तर उद्या सकाळी गौतमीला पुन्हा चाचणी देता येईल. यादी त्याच संध्याकाळी पाचला जाणार होती, म्हणजे सिद्ध करायचं ते त्याआधी.

"मी रायफल बघून ठेवतो," सर म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला.

जुन्या नोकरीची सवय. मी म्हटलं, राहू द्या सर, आता ती मुद्देमाल आहे. निरीक्षकांच्या देखत ती माझ्या ऑफिसच्या कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

२

वैष्णवीला मी ऑफिसात बोलावलं. ती खुर्चीवर बसली नाही. किल्ली हातात होती का, असं विचारल्यावर तिनं एका शब्दात होय म्हटलं. दुर्बिणीचा स्क्रू आवळत होते, गौतमीनंच सांगितलं होतं, असं तिचं म्हणणं. मग पूजेला न थांबता ती वाडीवर गेली, कारण घरी दसऱ्याचं सारवण तिच्या वाट्याला होतं. परत आली ती थेट आज, सामन्याला.

मी तिच्यापुढं गौतमीचं कार्ड ठेवलं. सर म्हणायचे, भोकं बोलतात, ऐकायला शिका. भोकांची उभी रांग पडली तर श्वास चुकतोय. आडवी पडली तर वारा किंवा ट्रिगरवरचं बोट.

"हे काय बोलतंय?" मी विचारलं.

तिनं कार्डाकडं नजर टाकली न टाकली.

"चहूकडं गेल्यात. मानूस चुकला तर एकाच वाटंनं चुकतोय. ही बंदूक सैल हाय."

 मी कपाट उघडलं, रायफल आडवी घेतली आणि अंगठ्यानं नळीचा पुढचा भाग दाबला. दस्ता आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट उघडली आणि मिटली. नळी दस्त्याला धरून ठेवणारे दोन स्क्रू खालच्या बाजूनं असतात, एक पुढं, एक मागं. पुढचा सैल होता. अशा रायफलीतून देवानं मारलं तरी कार्डाची चाळण होणार.

तर बिघाड होता. पण तो न बघता, नुसत्या कार्डावरून अचूक सांगणारी पोरगी माझ्यासमोर उभी होती, आणि तिच्याच हातात किल्ली दिसली होती. पोलिसांत असते तर तिथंच प्रकरण मिटवून चहा मागवला असता. मी तिला विचारलं, तुला कसं कळलं?

"सरांनीच शिकवलंय. तुमाला न्हाई शिकवलं?"

शिकवलं होतं की. मग दुपारपासून ते कार्ड हातात धरून मला का सुचलं नाही? जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, जयसिंगबाबाचं सोडा, पण गौतमी काय बोलली न्हाई. एवढं म्हणून ती बाहेर जाऊन पायरीवर बसली.

३

रायफल कपाटात परत ठेवताना मला तिच्या पोटाशी लाल काही दिसलं. मी ती खिडकीशी नेली. मागच्या स्क्रूच्या डोक्यावर हळदीकुंकवाचा टिळा होता. ओला लावलेला, वाळून पापुद्रा धरलेला, आणि स्क्रूला किल्ली घालायची जी षटकोनी खाच असते ती काठोकाठ भरलेला. कुठं तडा नाही, चरा नाही. पुढच्या स्क्रूच्या भोवती लाकडावर तसाच लाल गोल होता, पण खाच मात्र स्वच्छ, आत धातू चमकत होता.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या रायफली टेबलांवर मांडून पूजा होते. झेंडू, नारळ, पेढे, सगळं साग्रसंगीत. पण स्क्रूला कुंकू कोण लावतं? मी बाहेर आले. गौतमीची आत्या धोंडाबाई भाताच्या बांधाला टेकून बसली होती. सामना बघायला येताना आणलेली भाकरी तिनं अजून सोडलीही नव्हती. मी विचारलं, आत्या, रायफलीची पूजा तुम्ही केलीत का?

"म्याच केली. आमच्या ट्रॅक्टरच्या चाकाला जेवढे नट हायेत, तेवढ्याला मी कुंकू लावते. धरून तर तेच ठेवत्यात. तसं हिच्याबी पोटाला दोन हुते, लावलं."

"दोन्हींना?"

"आता एकाला लावून दुसऱ्याला उपाशी ठेवतात व्हय?"

मी तिथंच बांधावर बसले. किल्ली वैष्णवीच्या हातात होती ती पूजेच्या आधी. कुंकू लागलं नंतर. आणि पुढच्या खाचेतलं कुंकू गेलं ते त्याच्याही नंतर, कुणीतरी किल्ली आत घातली म्हणून. तोवर वैष्णवी डोंगरावर शेणसडा घालत होती. धोंडाबाईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, तुमच्या कुंकवानं एका पोरीची अब्रू वाचवली. ती म्हणाली, मग माझ्या भावाला तेवढं सांगा, त्येचं तोंड लई सुटलंय.

पूजेनंतर रायफली केंद्राच्या मोठ्या कपाटात गेल्या होत्या. दसऱ्याला सुट्टी. त्या कपाटाच्या किल्ल्या दोनच माणसांकडं होत्या. एक रायफलींची दुरुस्ती करणारा शैलेश. दुसरे रामदास सर.

४

शैलेश केंद्राच्या मागच्या खोलीत राहतो. तोंडानं फटकळ, हातानं चांगला. महिन्यापूर्वी त्याचं आणि गौतमीचं कडाक्याचं वाजलं होतं. माझ्या रायफलीला तू हात लावू नकोस, मग सगळं बिघडतं, असं ती त्याला चारचौघांत म्हणाली होती. मी खोलीत गेले तेव्हा तो किल्ल्या तेलाच्या फडक्यानं पुसत होता. पुसून चकचकीत. कुंकू असलंच तर आता ते शोधण्यात अर्थ नव्हता.

दसऱ्याला तो दिवसभर इथंच होता, हे त्यानं न विचारता सांगितलं. सरही संध्याकाळी येऊन गेले, रायफलींना सोनं वाहायला, आपट्याची पानं अजून कपाटात असतील. मी विचारलं, सामन्याच्या सकाळी तू सगळ्यांचे स्क्रू तपासतोस ना?

"दर टायमाला तपासतो. आज गौतमीची सोडली. सर म्हनले, ती तुझ्यावर चिडलीय, तिची मी सोता बघितली." मग तो म्हणाला, "माझ्यावरच येनार हाय का हे?"

 त्याच्यावर यायला सगळं जुळत होतं. राग होता, किल्ली होती, हात होता. आणि खरं सांगायचं तर माझी तशी इच्छाही होती, कारण उरलेलं दुसरं नाव मला नको होतं.

सर टेबलाशी एकटे बसले होते. समोर वारा कळावा म्हणून लावलेल्या जुन्या साडीच्या पट्ट्या पलीकडच्या धरणाच्या दिशेनं फडफडत होत्या. मी शेजारी बसले, तेव्हा त्यांनी सवयीनं पाण्याची बाटली पुढं केली. शैलेशवर माझा संशय आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. पोरगा वाईट नाही, असं म्हणाले. मग म्हणाले, बिघाड झालाच नसेल शीतल, मुलगी दडपणाखाली फुटली, एवढंच. तिला अजून एक वर्ष हवं.

"पण सर, तुम्ही सकाळी तपासली होती का?"

"स्वतः तपासली. दोन्ही स्क्रूंना किल्ली लावून पाहिली. घट्ट होते."

मला त्यांचा हात धरावासा वाटला. सर, एवढं बोलू नका, असं सांगावंसं वाटलं. पण ते बोलून झालं होतं.

५

पाचला थोडा अवकाश असताना मी सगळ्यांना ऑफिसात गोळा केलं. टेबलावर रायफल उताणी ठेवली, शेजारी गौतमीचं कार्ड. कुंकू कुणी आणि कधी लावलं ते धोंडाबाईच्या तोंडून निरीक्षकांना ऐकवलं. जयसिंग वैष्णवीकडं बघेनात. मग मी शैलेशला कार्ड दाखवून विचारलं, काय दिसतं? तो म्हणाला, सैल बंदूक. गौतमीला विचारलं.

तिनं कार्ड जवळ ओढलं. "सैल," ती म्हणाली.

"मग सामन्यात तुला दिसलं नाही?"

"दिसलं होतं ताई. पण सर म्हणाले श्वास."

 मी सरांकडं वळले.  मी म्हटलं, सर, या खोलीतल्या प्रत्येकाला कार्ड वाचायला तुम्ही शिकवलंत. सगळ्यांना जे दिसतं ते एकट्या तुम्हाला दिसलं नाही. ते म्हणाले, घाईत चूक झाली असेल, माणूस आहे.

"असेल. पण सकाळी दोन्ही स्क्रूंना किल्ली लावली म्हणालात."

"लावली."

"मागच्या स्क्रूला लावून दाखवा."

त्यांनी खिशातली किल्ली काढली आणि ते वाकले. निरीक्षकही वाकले. किल्लीचं टोक खाचेवर टेकलं आणि थांबलं. आत जायला जागाच नव्हती, वाळलेलं कुंकू होतं. ते फोडल्याशिवाय कुणालाही तो स्क्रू तपासता आला नसता. म्हणजे सकाळी तपासणी झालीच नव्हती. पुढची खाच तेवढी उघडी होती. ज्याला रायफल बघायची होती त्यानं दोन्ही स्क्रू बघितले असते. ज्याला फक्त बिघडवायची होती, त्याचं एकावर भागलं. शैलेशनं ते केलं असतं तर सरांना खोटं बोलायचं कारण नव्हतं. शैलेशला सकाळी त्या रायफलीपासून लांब ठेवलं सरांनी, सामना संपताच ती ताब्यात मागितली सरांनी.

सरांनी किल्ली टेबलावर ठेवली. रायफलीच्या सगळ्या अंगावरच कुंकू होतं, म्हणाले, कुठं कुठं आहे ते कोण बघतं.

"का?" हे गौतमीनं विचारलं. 

"तू संघात गेली असतीस तर राज्याच्या शिबिराला गेली असतीस. तिथले कोच वेगळे. वर्षाच्या आत लोक म्हणाले असते, त्यांनी घडवली." ते तिच्याकडं बघून बोलत होते, समजूत घालावी तसे. "मी तुझं वाईट नाही केलं पोरी. फक्त थांबवलं."

सर बोलत गेले तसं कळलं, ही पहिली वेळ नव्हती. वर्षभरात मधूनच एखाद्या स्पर्धेआधी, शैलेशची तपासणी झाली की, स्क्रू अर्धा फेरा ढिला व्हायचा. ती हरून रडायची. मग सर दोन दिवस तिचा श्वास, तिचा गाल, तिची मूठ सुधारायचे आणि मधल्या वेळेत स्क्रू आवळायचे. नेम पुन्हा बसला की ती त्यांच्या पाया पडायची. एवढंच काय, शैलेशशी भांडण झालं तेही सरांनी तिच्या मनात भरवलं म्हणून.

जयसिंग त्यांच्या अंगावर धावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, तुमच्या हातात पोर दिली होती मास्तर. निरीक्षकांनी यादी थांबवली.

६

दुसऱ्या सकाळी धुकं विरल्यावर गौतमी टेबलाशी बसली. रायफल उचलण्याआधी ती उठली, वैष्णवीपाशी गेली आणि तिनं किल्ली तिच्या हातात दिली. तू बघ, म्हणाली. वैष्णवीनं किल्ली लगेच घेतली नाही. मग घेतली, मागच्या खाचेतलं कुंकू टोकरून काढलं, दोन्ही स्क्रू आवळले आणि रायफल परत दिली. माफी मागणं, माफ करणं, असलं काही त्या दोघींत झालेलं मी ऐकलं नाही. पण साडीच्या पट्ट्या कुठं वळतायत ते वैष्णवी मागून बघत राहिली.

गौतमीनं मारलं. गाल टेकला, मूठ मिटली, श्वास थांबला. भोकात भोक गेलं. पुन्हा गेलं. शेवटचं कार्ड निरीक्षकांनी उन्हाला धरलं तेव्हा मधोमध एकच भोक दिसत होतं, जरा रुंद. दोन्ही मुलींची नावं यादीत गेली.

ती माझ्याकडं आली तेव्हा हसत असेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा रडून सुजला होता.

"ताई, म्हणजे वर्षभर माझं काहीच चुकत नव्हतं?"

मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, नाही गं, काहीच नाही. म्हणता म्हणता मला माझा खांदा आठवला. पुढं कुणी पेढे दिले, कुणी फोटो काढले, मला फारसं आठवत नाही. मी गाडी काढली आणि भुकूमला आले.

माझी रायफल माळ्यावर होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली. स्पर्धा सोडली त्या दिवशी गुंडाळली ती पुन्हा उघडली नव्हती. बघून त्रास होतो म्हणून. ती उताणी करून मी मांडीवर घेतली. तीन वर्षांपूर्वीचं ते शेवटचं कार्ड मला डोळे मिटूनही दिसत होतं. भोकं उभ्या रांगेत नव्हती, आडव्याही नव्हती. चहूकडं होती. गुन्हे शाखेत माणसं वाचण्यात हयात घालवलेली मी, ते कार्ड हातात धरून सरांच्या तोंडाकडं बघत राहिले होते, आणि ते खांदा म्हणाले तर खांदा म्हणून घरी आले होते. त्यानंतर रोज सकाळी आरशासमोर मी या खांद्याला शिव्या घातल्यात.

मी पुढच्या स्क्रूला किल्ली लावली. जोर करावा लागला नाही. ती दोन बोटांत फिरली.